भाच्यासाठी जपानी वाडगे

११ जानेवारी

ओमेशचा खोका आला. मुलगा पुण्याच्या कंपनीतर्फे जपानला ट्रेनिंगला जाऊन आला आणि तिथून आईला काय आणलं, तर भांडी. आईचं भांड्यांचं दुकान. उद्या सौंदडच्या शेतकऱ्याला धान पाठवील.

खोक्यात निघालं ते: लाकडाचे दोन वाडगे, बाहेरून काळे, आतून लाल, वर झाकण. चिनी मातीचे दोन पेले, कान नसलेले. जेवायच्या काड्यांच्या दोन जोड्या. एक लाकडी तबक. सगळं हातानं बनवलेलं आहे, असं फोनवर मोठ्या कौतुकानं सांगत होता. ते दिसतंच. एक पेला वाकडा आहे.

वाडगा उचलला तर वजनच नाही, करवंटी उचलल्यासारखं. नखानं वाजवून पाहिला. टक. बस. भांडं कसं वाजलं पाहिजे, शेजारच्या दुकानात कळलं पाहिजे. आयुष्य भांडी वाजवून विकण्यात गेलं, असलं मुकं भांडं हातात आलं नाही. शी.

वर एक वाडगा मोठा, एक लहान. पेलेही तसेच. काड्याही तशाच. पॅकिंगची चूक. जपानी लोक फार काटेकोर, असं वाचलं होतं. दोन वाडगे सारखे करता येत नाहीत.

गुंडाळलेला कागद जपून उलगडला. मी वाचायला शिकले तीच मुळी भांड्यांसोबत येणाऱ्या रद्दीवर. शाळा माहीत नाही. नागपूर, जबलपूर, मुरादाबाद, जिथलं भांडं तिथला कागद. कितीतरी बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही. या कागदावर तर एक अक्षर ओळखीचं नाही. नुसत्या मुंग्या. गुंडाळून पाठवता तर वाचता येईल असं काही पाठवा.

ठरलं. सोमवारी खोका परत.

१३ जानेवारी

सोमवार. पोस्टात जाणं झालं नाही. उद्या संक्रांत, वाणाच्या वाट्या घ्यायला दुकानात बायांची ही गर्दी. यंदा मला हळदीकुंकवाचं बोलावणं कुठूनच नाही. बरंच आहे. दुकान सोडून जायचा त्रास वाचला.

१६ जानेवारी

पुढच्या महिन्यात यांची बरसी, जाऊन वर्ष होईल. आमच्यात बरसीला भाचा आधी जेवतो. तो जेवला म्हणजे गेलेला माणूस जेवला. तो तोंडानं ‘मामा जेवले’ म्हणतो, मगच बाकीची पंगत बसते. आणि तो ज्या भांड्यात जेवला ते भांडं त्याचं, घेऊन जायचं. गेलेल्या माणसाच्या रोजच्या जेवणाचं ताट द्यायची रीत आहे.

म्हणजे यांचं काशाचं ताट सौंदडला जाणार, माझी नणंद रुख्माबाई हिच्या इंद्रकुमारकडे.

मला त्या ताटाचं काही नाही. माणूसच गेला, ताट घेऊन काय करायचं. पण इंद्रकुमारच्या घरी प्लास्टिकच्या प्लेटीत जेवतात, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथं ते ताट म्हशीच्या ढेपेला, पेंडीला लावतील. ताटाचा अपमान मला बघवणार नाही. प्रश्न ताटाचा आहे. माझा नाही.

१७ जानेवारी, सकाळी

चहा करताना सुचलं. इंद्रकुमारला जपानी भांड्यांत वाढायचं! रीत म्हणते तो ज्यात जेवला ते त्याचं. जेवू दे जपानात. सौंदडमध्ये कुणाकडे जपानचं भांडं आहे? मिरवत घेऊन जाईल. त्याचा मान होईल, ही घाण घरातून जाईल, आणि ताट पेटीत आहे तिथं राहील.

ही युक्ती नाही. हा मान आहे.

खोका परत पाठवणं रद्द.

१९ जानेवारी

पेल्याची तपासणी. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी भांडं तपासतात, भाच्याला तर नक्कीच. चहा ओतला. पेल्याला कान नाही, बोटं पोळली, अर्धा चहा साडीवर. समोर लाखेच्या बांगड्या विकायला बसते ती सुशिलाबाई पाहून राहिली होती. म्हणे, कान नाई त पकडाचा कसा व देवका, तिकडच्या बायका का पदर धरून चहा पितेत? मी सांगितलं की तिकडे बायका चहा निवांत पितात, निवू देतात. हे मी कुठं वाचलं ते आठवत नाही, पण ती आपल्या बांगड्यांकडे वळली.

काड्या पापड उलटवायला बऱ्या आहेत. तेवढंच.

२१ जानेवारी

ओमेशला फोन. म्हटलं, बाबा, तुला दुकानदारानं फसवलं, एक मोठा एक लहान देऊन मोकळा झाला. हा लागला अडखळायला. हो माय, नाही माय. मग सून टीनानं फोन घेतला. ती सरळ बोलते, तेवढा तिच्यात गुण आहे. म्हणाली, आई, ती चूक नाही. तिथं तसाच सेट मिळतो, नवरा-बायकोचा. मोठं नवऱ्याचं, लहान बायकोचं.

मी विचारलं, मग मला कशाला?

ती म्हणाली, दुकानदारानं ओमेशला विचारलं की कुणासाठी घेताय. यांच्या तोंडून निघून गेलं, आई-बाबांसाठी. मग त्यानं बांधून दिलं. यांना परत काढायला सांगवेना.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

जपानी माणसांची मात्र कमाल वाटते. बाईला भूक कमी लागते हे यांना कोणी सांगितलं? धानाच्या रोवणीला एक दिवस आणा म्हणावं इकडे. किळस आली मला त्या विचाराची.

दुपारभर डोळ्यांतून पाणी. खोक्यात भुसा होता बारीक.

२४ जानेवारी

नवं भांडं आधी राखेनं घासायचं, मग वापरायचं. मोठा वाडगा घासायला घेतला, जरा जोर लावला तर चमकच गेली एका बाजूची. टीनाला फोटो पाठवला. तिचं उत्तर: आई राख नको!!! मऊ फडक्यानं पुसायचं. उन्हात ठेवायचं नाही, भिजत ठेवायचं नाही, चुलीजवळ ठेवायचं नाही.

भांडं आहे की बाळंतीण?

लहान वाडगा राखेतून वाचला. त्यात रात्रीची पेज घेऊन पाहिली, फक्त तपासणीसाठी. पेज वाफाळत होती आणि हाताला नुसतं कोमट. हे चुकीचं आहे. आत काय आहे ते हाताला कळलं पाहिजे. स्टीलची वाटी सांगते तरी. दातालाही काही लागत नाही. ओठ टेकले तर कुणाच्या तळहातातून प्यायल्यासारखं वाटतं. शिसारी.

एकदा पिऊन नक्की सांगता येत नाही. उद्या पुन्हा तपासते.

२९ जानेवारी

तपासणी चालू. सुशिलाबाई म्हणे, तपासणी किती दिस चालन व तुही? मी म्हटलं, तू बांगड्या वीक.

३१ जानेवारी

आज एक मोठी चूक लक्षात आली. वाडग्यावर नाव नाही. नावाशिवाय दिलेलं भांडं म्हणजे विसरून राहिलेलं भांडं. नाव टाकलं की दान पक्कं, मग रुख्माबाईला बोलायला जागा नाही.

नावं टाकायची ती यांनी. लहानशी छिन्नी, लहानशी हातोडी, ठिपक्याला ठिपका लावून अक्षर. आता सगळीकडे मशीन आहे, पण या तालुक्यात लग्नाचं, बारशाचं, तेराव्याचं भांडं उलटं करून बघा, यांचं अक्षर दिसेल. ‘च’ची शेपटी जरा लांब काढायचे. लोकांच्या घरी जेवायला गेले की मी आधी वाटी उलटी करून बघते. लोकांना वाटतं किंमत बघते.

आमच्या घरात एका भांड्यावर नाव नाही. मी म्हणायची, आपल्याही भांड्यांवर टाका की. तर म्हणायचे, घरच्याले नाव कायले? ते कुठी जाऊन राहिले?

पेटीत शोधून पाहिलं. ताटावरही नाही.

१ फेब्रुवारी

छिन्नी मीच घेतली. इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलं, त्यात अवघड काय. हात सफाईदार चालेल याची खात्री होती.

यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी तोंडानं घेतलं नाही. लिहिलं तर आजवर नाहीच. मोठा वाडगा मांडीवर आडवा घेतला, बाहेरची काळी बाजू वर. म. मग न. मग वेलांटी. मनिराममधलं ‘मनि’ झालं. थोडं वाकडं, पण वाचता येतं.

‘रा’ला हातोडी मारली आणि काळा पापुद्राच उडाला. सुपारीएवढा. खाली कोरडं लाकूड.

स्टीलला ठोका मारला की स्टील दबतं, नाव घेऊन बसतं. यानं साल सोडली. आणि याला म्हणे तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. न ठोकता वापरत असतील.

काळजीचं कारण नाही. दुरुस्त होईल.

३ फेब्रुवारी

दुरुस्तीचं पाहिलं. तो काळा-लाल मुलामा म्हणजे लाख, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. या मुलखात पळसाला, कुसुमाला लाख लागते, आम्हाला जपाननं लाख शिकवू नये. लाख म्हणजे ऊब दिली की वितळते, बसवली की बसते. सुशिलाबाईकडे लाखेची कांडी मागितली. तिनं वाडगा हुंगला, नखानं खरवडला आणि म्हणाली, हे लाख नाई व. मी म्हटलं, तुला बांगड्यांतलं कळतं, हे भांडं आहे, भांड्यांतलं मला कळतं. ती म्हणाली, कर मग. काऊन विचारतेस?

निखाऱ्यावर कांडी धरली, वाडगाही जरा शेकला म्हणजे दोन्हींची लाख एकजीव होईल. कांडी वितळली. वाडग्याची वितळली नाही. धूर निघाला. आता ‘मनि’च्या पुढे बांगडीच्या लाल रंगाचा एक गठ्ठा आहे आणि आत तळाला बदामी डाग. घरभर जळल्याचा वास.

टीनानं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मग हळूच म्हणाली की आई, ती लाख नसते, तिथल्या एका झाडाचा चीक असतो, तो महिना महिना सुकवतात, थरावर थर देतात. मी विचारलं, मग लाखेसारखा चमकतो कशाला? लोकांची दिशाभूल करायला?

गठ्ठ्याची बाजू भिंतीकडे ठेवून वाढीन, आतल्या डागावर भात. इंद्रकुमारचं लक्ष जेवणात असतं.

९ फेब्रुवारी

रुख्माबाईचा फोन. वयनी, दादाचं ताट काढलं का घासून? मी म्हटलं, त्याच्याहून भारी काढलं आहे, विदेशी. ती म्हणे, विदेशी कायले? दादा का विदेशात गेलता? मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक आहे.

गिऱ्हाईक नव्हतं. पण येऊ शकलं असतं.

१२ फेब्रुवारी

ताट पेटीतून काढून पाहिलं. काशाला हिरवं चढतं, म्हणून. चिंच लावली, पुसलं, एकदा वाजवलं. बराच वेळ घुमत राहिलं. धोतराच्या फडक्यात बांधून परत ठेवलं. फडकं जुनं आहे, फेकायचं राहून गेलं, एवढंच.

परवाची सगळी तयारी झाली. कुठं काही अडेल असं दिसत नाही.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी

क्रमानं लिहिते.

ओमेश-टीना काल आले. पूजा ओमेशनं नीट केली. पाट मांडला, समोर लाकडी तबक, तबकात दोन्ही वाडगे, दोन्ही पेले, काड्या. पाहुणे ओसरीत दाटीवाटीनं बसलेले, सगळ्यांच्या पोटात सकाळपासून काही नाही. इंद्रकुमार पाटावर बसला. माणूस दरवाजात उभा राहिला तर उजेड अडतो. यांच्याच अंगाचा आहे.

त्यानं झाकण उचललं. आत भात. म्हणे, मामी, इतकाच भात, त्याले झाकण कायले? उडून जाते का? लोक हसले. काड्यांकडे बोट दाखवून विचारलं, या दात कोराले का? पुन्हा हसले. मी म्हटलं, जपानचं आहे, मान आहे तुझा, जेव. तो गरीब बिचारा जेवू लागला.

आणि वरण आलं.

वाडग्यात भात, भातावर वरण. आता कालवायचं कुठं? त्याचा पंजा वाडग्यात जाईना. तीन बोटं घातली तर वरण बाहेर, कोपरापर्यंत ओघळ. एक घास झाला की वाडगा रिकामा. टीना भात वाढते, मी वरण वाढते, तो घास घेतो, पुन्हा रिकामा. कढी पेल्यात दिली तर हात पोळला, कढी तबकात. वडा ठेवायला जागाच नाही, त्यानं वडा मांडीवर ठेवला. भाजी लहान वाडग्यात होती, ती कुणी वाढली मला माहीत नाही. लहान वाडगा मी वाढायला काढला नव्हता, नुसता जोडीला ठेवला होता.

ओसरीत एक म्हातारे म्हणाले, चिमणीले चारा घालून राहिले का जी?

मी विचारलं, इंद्रकुमार, झालं का पोट? म्हण की मामा जेवले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्या फोटोकडे पाहिलं. म्हणाला, मामी, तुमच्यासाठी म्हणलो असतो. पण मामाच्या नावानं खोटं कसं बोलू? भूक आहे अजून.

मग रुख्माबाईनं सुरू केलं. माह्या दादाले बोट बुडवून जेवाले लावलं व! ढीगभर भात खाणारा माणूस, वर्षानं आला घरी, आन उपाशी उठून जाईन व!

मी तिला गप्प बस म्हणणार होते. शब्दही तयार होते. पण मला ते जेवताना दिसले. भाताचा ढीग, मधे बोटांनी केलेली विहीर, विहिरीत वरण, आणि मी दुकानातून ओरडते आहे की लवकर आटपा, गिऱ्हाईक आलं. तर म्हणायचे, थांब व, आता कुठी कालवून राहिलो.

मी आत गेले. पेटी उघडली. ताट आणलं, भात पालथा केला, मधे विहीर मीच केली, वरण मीच ओतलं. इंद्रकुमारनं बाह्या वर केल्या आणि कालवलं. ताट वाजत होतं. त्यानं मागून मागून खाल्लं, ढेकर दिली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, मामा जेवले.

मग सगळे जेवले.

मी ताट स्वतः घासलं, धोतराच्या फडक्यात बांधलं आणि दिलं. म्हटलं, हे वाडगेही घेऊन जा, यात पण जेवलास तू. त्यानं मोठा वाडगा फिरवून पाहिला. ‘मनि’ पाहिलं, पुढचा लाल गठ्ठा पाहिला. परत माझ्या हातात दिला. म्हणाला, राहू द्या जी मामी. हे एका माणसाले पुरते.

मी ताट भावनेच्या भरात दिलेलं नाही. भात कालवायला जागा नव्हती, म्हणून दिलं. दोष त्या जपान्यांचा आहे.

१६ फेब्रुवारी

ओमेश-टीना गेले. जाताना ओमेश म्हणाला, माय, तो सेट नको असेल तर मी घेऊन जातो, चूक माझीच झाली. मी म्हटलं, खराब झालेला माल परत घेऊन काय करशील, असू दे.

इंद्रकुमारचा फोन होता. ताट देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवलं आहे म्हणे, त्यात कोणाला जेवू देत नाही. ढेपेला लावलं नाही. म्हणजे माझा अंदाज साफ चुकला असं नाही, म्हशी त्यानं नोव्हेंबरात विकल्या आहेत.

पेटी रिकामी आहे. वाडगे त्यात ठेवता येतील, पण झाकण जड आहे, रोज कोण उघडणार. फळीवर स्टीलचे डबे. म्हणून दोन्ही वाडगे चुलीपासून लांब, माझ्या पाटासमोर ठेवले आहेत. दुसरी जागाच नाही.

१७ फेब्रुवारी

रात्री पेज. तपासणी संपली आहे, पण स्टीलच्या वाट्या सगळ्या बरसीच्या घासून अजून पुसायच्या आहेत, म्हणून लहान वाडग्यातच घेतली. तसंच कोमट. तसंच मुकं. मला आलेला वीट अजिबात कमी झालेला नाही.

मोठ्या वाडग्याचं ‘मनि’ आज माझ्याकडे तोंड करून होतं. दिव्याखाली त्या लाल गठ्ठ्याचा ‘रा’ वाटतो, नीट पाहिलं तर.

जेवण झाल्यावर दोन्ही वाडगे धुऊन, मऊ फडक्यानं पुसून पालथे घातले. मोठा वापरलाच नव्हता. तरी धुतला. रस्त्यावरून धूळ फार येते.